सडपातळ देहातली साखर

माझे एक स्नेही, वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगकाठीने इतके किरकोळ की सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसावा, गेल्या दिवाळीनंतर तपासणीचा कागद घेऊन माझ्याकडे आले. उपाशीपोटी साखर 112, तीन महिन्यांची सरासरी सांगणारे एचबीएवनसी 6.1. "डॉक्टर म्हणतात, शुगर बॉर्डरवर आहे," ते म्हणाले, "पण माझ्या अंगावर मांस तरी कुठे आहे?" या प्रश्नातच, त्यांच्या नकळत, अर्धे उत्तर होते.

उपाशीपोटी 100 ते 125, किंवा एचबीएवनसी 5.7 ते 6.4, ही मधुमेहाच्या पूर्वावस्थेची रूढ मर्यादा. पण हा आकडा कागदावर उमटण्याच्या कितीतरी वर्षे आधी देहाच्या कारभारात बिघाड सुरू झालेला असतो. जेवणानंतर रक्तात उतरलेली साखर स्नायूंच्या व यकृताच्या कोठारांनी जमा करून घ्यावी, असा हुकूम घेऊन इन्सुलिन स्वादुपिंडातून निघते; परंतु यकृतात आणि पोटातील अवयवांभोवती चरबी साचत गेली, की त्या हुकमाची तामिली मंदावते, आणि मग स्वादुपिंड तोच हुकूम अधिकाधिक इन्सुलिन धाडून बजावू लागते. या तगाद्याच्या बळावर साखरेचा जमाखर्च वर्षानुवर्षे जुळलेला दिसतो. स्वादुपिंडाच्या पेशी थकल्या, की मगच बाकी रक्तात उघडी पडते. या काळात कित्येकांच्या मानेमागे काळसर, मखमलीसारखा पट्टा उमटतो, आणि घरची माणसे तो मळ समजून घासत बसतात.

ज्यांना आपण सडपातळ म्हणतो, त्यांच्यात ही चरबी येते कोठून, याचा शोध पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी थेट जन्मापासून घेतला. 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी सुरू केलेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन 2.7 किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बालके 3.5 किलोची होती. आपल्या बाळांचे स्नायू त्या मानाने फारच रोड, पण त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी राखलेली. पुढे 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले: उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, पण चरबी युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. वजनकाट्यावर विसंबणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने ते छायाचित्र एकदा पाहावे, असे मला मनापासून वाटते.

म्हणून काट्याऐवजी शिंप्याची टेप घ्यावी. कंबर पुरुषाची 90 आणि स्त्रीची 80 सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल, तर हातपाय काड्यांसारखे असले तरी तपासणी करून घ्यावी. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणे देशात 13.6 कोटी माणसे या पूर्वावस्थेत आहेत. प्रत्यक्ष मधुमेही 10.1 कोटी.

यावर इलाज आहे, आणि तो आपल्याच देशात पारखून घेतलेला आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, 531 जणांच्या तीन वर्षांच्या अभ्यासात आहार आणि चालणे यांच्या बळावर मधुमेहाचा धोका 28.5 टक्क्यांनी उतरला, आणि तोही वजनात म्हणण्यासारखी घट न होता. मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्यांनाही जवळपास तेवढाच लाभ झाला. मात्र ते कोणाला द्यावे, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

माझ्या स्नेह्यांनी मात्र प्रथम रात्रीचे जेवणच सोडले, आणि इथेच मी त्यांना अडवले. कारण आधीच रोड असलेल्या स्नायूंना उपाशी ठेवणे म्हणजे साखरेचे सर्वांत मोठे कोठारच पाडणे होय. हलणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही साखर आत ओढतो, म्हणून जेवणानंतर पंधरा मिनिटे चालणे आणि आठवड्यातून दोन-तीनदा बैठका किंवा वजने, हे आम्ही ठरवले. ताटात भाताची मूद निम्मी झाली, मटकीची उसळ वाटीभर वाढली आणि ती आधी खायची असे ठरले; एकादशीची साबुदाण्याची खिचडी, जी जवळजवळ निव्वळ पिष्टच असते, तिच्या जागी राजगिरा व दही आले. ज्वारीच्या भाकरीने साखर वाढत नाही, हा त्यांचा समजही दूर करावा लागला; भाकरी चांगलीच, पण तीही मोजून.

सहा महिन्यांनी एचबीएवनसी 5.8 आले. वजन अर्ध्या किलोने वाढलेच होते, पट्टा मात्र एक भोक आत गेला होता. आता ते थोरल्या मुलीच्या मागे लागले आहेत. बाळंतपणाआधी तिची साखर वाढली होती, प्रसूतीनंतर ती उतरली, आणि तेव्हापासून तिने पुन्हा तपासणीच केलेली नाही.