धावपट्टीची राखण

लढाऊ विमान गर्जना करीत डोक्यावरून गेले की आपण सारेच मान वर करून पाहतो. परंतु ज्या भूमीवरून ते उडाले, तिची चौकशी करणारे विरळाच. राष्ट्रसंरक्षणात त्या भूमीचे मोल काय, हे जाणण्यास आम्हां महाराष्ट्रीयांना फार दूर जावयास नको.

पुण्याजवळील लोहगावचा तळ १९३९ साली ब्रिटिश अमदानीत, मुंबईच्या रक्षणाच्या हेतूने उभा राहिला. १८ डिसेंबर १९६१ रोजी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरा विमानांनी पुण्याहून जाऊन दाबोळीची धावपट्टी उखडली. बेळगावनजीकच्या सांबऱ्याहून निघालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. तथापि त्याच रात्री पोर्तुगीजांनी दाबोळीचे खड्डे घाईघाईने बुजविले आणि अंधारात दोन विमाने कराचीस निसटली. युद्धात बॉम्बइतकेच फावड्यालाही मोल असते, हा त्यातील धडा होय.

रशियाकडून घेतलेली सुखोई विमाने १९९७ साली हवाई दलात प्रथम दाखल झाली, तीही लोहगावीच. पुण्याची नागरी विमाने याच धावपट्टीवरून ये-जा करतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिच्या दुरुस्तीसाठी चौदा दिवस नागरी वाहतूक बंद राहिली. गैरसोय झाली, हे खरे. पण ज्या धावपट्टीवर रक्षणाची भिस्त, तिची डागडुजी आपल्या प्रवासाच्या सोयीने कशी होणार? स्वतंत्र नागरी विमानतळ मागणे रास्त आहे. तळाच्या शिस्तीत सवलत मागणे मात्र रास्त नव्हे.

तळाभोवती शहर दाटत चालले आहे. इमारतींच्या उंचीचे निर्बंध अनेकांना जाचक वाटतात. सोलापूरकरांस याविषयी अधिक सांगावयास नको. आपल्या विमानतळाच्या वाटेतील सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडावी लागली. गोव्याचे नागरी विमान येथून उडाले ते २०२५ साली. त्या वादात कोणाचे किती चुकले, हा प्रश्न निराळा. परंतु उभारलेले पाडण्याचे दुःख आपण पाहिले आहे. जेथे प्रश्न प्रवासाचा नसून संरक्षणाचा आहे, तेथे हा विचार वीट रचण्यापूर्वीच व्हावयास हवा.

उघड्यावरील कचऱ्याने जमलेली एखादी घार इंजिनात शिरली, तर शत्रूला गोळी झाडण्याचीही गरज उरत नाही. वैमानिक आकाश राखतो. त्याच्या पायाखालची भूमी निर्वेध राखणे हे नागरिकाचे काम आहे. त्यासाठी शौर्य लागत नाही, शिस्त लागते. आणि तीच आपल्याकडे दुर्मिळ आहे.