झाडाचे आयुष्य आणि अनुदानाची मुदत

प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिन जवळ आले की बंगळूरच्या लालबागेत फुलांचे प्रदर्शन भरते. काचघराभोवती माणसांची रीघ लागते. तिकीट काढून लोक आत जातात, डोळे भरून फुले पाहतात आणि समाधानाने घरी परततात. प्रदर्शन आवरले की ती फुले कोमेजतात. पुढल्या खेपेस नवी येतात. परंतु त्याच शहरात, त्याच मातीत, सह्याद्रीतल्या एखाद्या दुर्मीळ वृक्षाचे रोप लावले, तर ते पाहायला तिकीट काढून कोण येणार? त्याला फुले येण्यास कितीतरी वर्षे लागतील, आणि आली तरी ती बहुधा बारीक व अनाकर्षक असतील. वनस्पती-उद्यानांपुढील पैशाचा प्रश्न मुळात येथूनच सुरू होतो.

लालबागेचा इतिहास मोठा आहे. १७६० साली हैदर अलीने तिचा पाया घातला, टिपू सुलतानाने ती वाढवली आणि १८५६ मध्ये तिला सरकारी वनस्पती-उद्यानाचे रूप आले. इंग्लंडमधील क्यू येथील विख्यात उद्यानात शिकलेल्या माणसांनी पुढे तिची घडण केली. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत असलेले क्रुंबिगल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ १९०८ मध्ये येथे आले. त्या काळी वनस्पती-उद्यानाचे काम म्हणजे दूरदेशीची झाडे आणून ती येथे रुजतात का, हे पाहणे. दक्षिण अमेरिकेतील जॅकरांडा, मादागास्करचा गुलमोहर अशा पाहुण्यांनी बंगळूरला शोभा आणली. आता मात्र काळ पालटला आहे. पाहुण्यांची सोय झाली. घरच्या माणसांचे काय, असे विचारण्याची पाळी आली आहे.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत सुमारे साठ हजार वृक्षजातींपैकी साडेसतरा हजार, म्हणजे जवळजवळ तीस टक्के जाती धोक्यात असल्याचे दिसून आले. कर्नाटकातलेच एक उदाहरण घ्यावे. उत्तर कन्नड जिल्ह्यात कथलेकान येथे रानजायफळांची दलदल आहे. बारमाही ओलाव्यात उभी असलेली ही झाडे चिखलातून वर मुळे काढून श्वास घेतात. आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातही अशी दलदल आढळली आहे. कथलेकानच्या या दलदलीत २००० साली आपल्या बिब्ब्याच्या गोतातली एक नवी वृक्षजाती नोंदली गेली. जगाला तिची ओळख पटली, तेव्हा तिची झाडे फार थोडी उरली होती. दलदलीचे पाणी सुपारीच्या बागेकडे वळले किंवा तेथे भातखाचरे झाली, की असा वृक्ष सहज नाहीसा होतो.

मग बी गोळा करून शीतपेटीत का ठेवू नये? गव्हाचे किंवा ज्वारीचे बी वाळवून वर्षानुवर्षे ठेवता येते. रानजायफळाचे बी मात्र वाळले की मरते. फळ पिकताच थोड्या दिवसांत ते रुजवावे लागते. म्हणजे अशा वृक्षाची पेढी एकच, ती म्हणजे जिवंत झाड. त्यातही एक झाड लावून भागत नाही. रानजायफळात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. एकटी मादी कितीही वाढली तरी फळत नाही. शिवाय सारी रोपे एकाच झाडाच्या बियांची असली, तर पुढची पिढी दुबळी निघण्याचा संभव असतो. म्हणून निरनिराळ्या मातृवृक्षांचे बी आणावे लागते आणि प्रत्येक रोप कोणत्या रानातील कोणत्या झाडाचे, याची नोंद जपावी लागते. ही नोंद हरवली, तर झाड उभे राहूनही त्याचे निम्मे मोल जाते.

बागेने वृक्षजाती वाचवल्याचे उदाहरण जगापुढे आहे. अमेरिकेत बार्ट्रम पितापुत्रांना १७६५ मध्ये जॉर्जिया प्रांतात फ्रँकलिनिया हे झाड आढळले. १८०३ नंतर ते रानात कोणासही दिसले नाही. फिलाडेल्फियातील त्यांच्या बागेत लावलेल्या बियांपासून त्याचा वंश आजवर चालत आला. ती बाग पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली, हेच त्यातले मर्म होय.

आपल्याकडे पैसा अगदीच मिळत नाही, असे नाही. दुर्मीळ वनस्पतींच्या जोपासनेसाठी उद्यानांना साहाय्य देण्याची योजना केंद्र सरकारने १९९० नंतरच्या दशकात आखली आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील उद्यानासही या कामी केंद्राचा हात लाभला. परंतु अनुदान म्हटले की त्याला मुदत आली. कुंपण, रोपवाटिका, पाण्याची टाकी अशा एकदाच होणाऱ्या कामांना ते सहजी मिळते. तीन किंवा पाच वर्षे संपली की हिशेब पुरा होतो. झाड मात्र तेव्हा कुठे पुरुषभर उंच झालेले असते! त्यानंतर उन्हाळ्यात त्याला पाणी घालणारा माळी, नावाची पाटी बदलणारा कारकून, मेलेल्या रोपाऐवजी नवे आणण्यासाठी रानात जाणारा वनस्पतिज्ञ यांचा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा?

उपाय फारसा गूढ नाही. देवळाच्या नंदादीपासाठी पूर्वी जमीन लावून देत. तिच्या उत्पन्नातून तेल येई आणि दिवा विझत नसे. दुर्मीळ वृक्षांसाठीही अशीच कायमची ठेव हवी, जिच्या व्याजातून माळ्याचा पगार दरसाल निघेल. फुलांच्या प्रदर्शनाच्या तिकिटातला लहानसा वाटा या ठेवीत पडला, तर त्या गर्दीचाही वृक्षांना उपयोग होईल. एकच जाती दोन-तीन उद्यानांनी वाटून सांभाळली, तर एका ठिकाणच्या रोगाने किंवा दुष्काळाने सर्वस्व जाणार नाही.

अर्थात बाग ही रानाची जागा घेऊ शकत नाही. दलदल राखणे हेच पहिले कर्तव्य. बागेतले झाड म्हणजे घर जळाले तर उपयोगी पडावे म्हणून शेजाऱ्याकडे ठेवलेले बियाणे. ते शेजाऱ्याने जपून ठेवायचे, तर त्याच्याही कणगीची तरतूद केली पाहिजे, आणि ती एका हंगामापुरती असून चालणार नाही.