बहादुर निजामशहा : अल्पवयीन राजपुत्र आणि दरबारी राजकारण

राजपुत्राचे चरित्र म्हटले म्हणजे त्याचे शिक्षण, पराक्रम आणि राज्यकारभार यांची माहिती अपेक्षित असते. अहमदनगरच्या बहादुर निजामशहाच्या बाबतीत मात्र इतिहास मुख्यतः एवढेच सांगतो, की त्याला कोणी ताब्यात घेतले व कोठे ठेवले. ही उणीवच त्याच्या चरित्राचा गाभा होय.

१५८८ मध्ये पहिल्या मुर्तजाचा त्याच्या मुलाने, मीरान हुसेनाने, वध केला; पुढील वर्षी मीरानही मारला गेला. तेव्हापासून गादी सरदारांच्या पक्षभेदांत सापडली. १५९५ मध्ये इब्राहिम निजामशहा विजापूरकरांशी लढताना पडला, तेव्हा त्याचा पुत्र बहादुर अगदी लहान होता. मियाँ मंजूने या बालकाला जुन्नरजवळील चावंड किल्ल्यात ठेवून अहमद नावाच्या मुलास गादीवर बसविले. हा मुलगा राजवंशातील नव्हे असे उघड होताच हबशी सरदार इखलासखानाने मोती नावाचा दुसराच मुलगा पुढे केला. अभंगखानाने पहिल्या बुऱ्हाणाचा वृद्ध पुत्र शहाअली याचा पक्ष घेतला. बहादुरच्या आजोबांची बहीण चांदबिबी हिने त्याचा हक्क उचलून धरला.

एका गादीला चार दावेदार का मिळावेत, याचे उत्तर तेथील पदनामांत सापडते. खुतबा व नाणे राजाच्या नावाने चाले. अधिकार मात्र ‘वकील’ किंवा ‘पेशवा’ चालवी. अरबीतून आलेल्या ‘वकील’ शब्दाचा अर्थ दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा. फारसी ‘पेशवा’ म्हणजे अग्रणी. ज्याच्या वतीने काम पाहावयाचे तो अज्ञान असला, म्हणजे काम पाहणाऱ्यास विचारणारा कोणी उरत नसे. म्हणूनच प्रत्येक पक्षाला स्वतःचा राजपुत्र हवा होता.

या चढाओढीत मियाँ मंजूने मोगलांना बोलाविले. १५९६ च्या वेढ्यात चांदबिबीने किल्ला राखला; वऱ्हाड देऊन तह झाला आणि बहादुर गादीवर आला. परंतु तिनेच नेमलेला पेशवा महंमदखान तिला डोईजड झाला. त्याच्या जागी अभंगखान आला. त्याच्याशीही तिचे बिनसले. १६०० मध्ये, मोगलांशी तडजोडीचा विचार करीत असता, स्वकीयांनीच तिचा वध केला. किल्ला पडला आणि बहादुरची रवानगी ग्वाल्हेरच्या बंदिवासात झाली. चावंडचा कैदी ग्वाल्हेरचा कैदी झाला. मध्यंतरीची चार वर्षे तो राजा होता.

तरीही निजामशाही संपली नाही, कारण पद्धती संपली नव्हती. मलिक अंबरने शहाअलीच्या पुत्रास दुसरा मुर्तजा म्हणून गादीवर बसविले. १६३३ मध्ये दौलताबाद पडून बालराजा हुसेन ग्वाल्हेरला गेला. त्याच सुमारास शहाजी भोसल्यांनी संगमनेरजवळील पेमगिरी येथे आणखी एका अल्पवयीन राजपुत्राच्या नावाने कारभार चालविला. १६३६ मध्ये तोही मोगलांच्या हाती गेला.

राजपुत्राचे रक्त सर्वांना हवे होते, राजपुत्र कोणालाच नको होता. बहादुरच्या चरित्रातील मौनाचा अर्थ हाच.