बर्फावरील औषधाची डाक

आगगाडी व तारायंत्र येण्यापूर्वीं निकडीचा खलिता दूर पाठवावयाचा झाल्यास वाटेंत डाक बसवीत असत. एक जासूद किंवा एक घोडा थकला कीं खलिता ताज्या दमाच्या दुसऱ्याच्या स्वाधीन होई. माणूस बदले, घोडा बदले. खलिता मात्र थांबत नसे. इ. स. १९२५ च्या जानेवारींत अमेरिकेच्या अलास्का प्रांतांत अशीच एक डाक बसविली गेली. तिच्यांत घोड्यांऐवजीं कुत्रे होते आणि खलित्याच्या जागीं औषधाच्या कुप्या होत्या. त्या वेळेवर पोहोंचतात कीं नाहीं, यावर नोम नांवाच्या गांवांतील मुलांचे प्राण अवलंबून होते.

नोम हें बेरिंग समुद्राच्या कांठीं, उत्तर ध्रुववृत्ताच्या थोडें खालीं वसलेलें गांव. सोन्याच्या लोभानें एके काळीं तेथें हजारों लोक लोटले होते. १९२५ सालीं वस्ती उरली होती दीड हजाराच्या आसपास. हिंवाळ्यांत समुद्र गोठला कीं गलबतांची ये-जा कित्येक महिने बंद. डॉक्टर एकच, वेल्च नांवाचे. कांहीं मुलांचे घसे सुजले तेव्हां प्रथम ती साधी सूज वाटली. परंतु जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यांत तीन वर्षांच्या एका मुलाच्या घशांत करडा पापुद्रा दिसला, आणि शंकेला जागा उरली नाहीं. तो घटसर्प होता.

या रोगाचे जंतु घशांतच ठाण मांडून बसतात. पण खरें मारक असतें तें त्यांनीं निर्माण केलेलें विष. पापुद्रा वाढला तर मूल गुदमरतें, आणि विष रक्तावाटे हृदयापर्यंत व मज्जातंतूंपर्यंत जाऊन तेथें घात करतें. जर्मन शास्त्रज्ञ बेरिंग (समुद्राला ज्यांचें नांव आहे ते बेरिंग निराळे) व त्यांचे जपानी सहकारी किटासाटो यांनीं १८९० मध्यें असें दाखविलें कीं, ज्या प्राण्यास अशा विषाची थोडथोडी संवय लावली त्याच्या रक्तद्रवांत त्या विषाचा उतारा तयार होतो. पुढें घोड्यांच्या रक्तापासून हा उतारा मोठ्या प्रमाणावर काढूं लागले. मात्र त्याची एक मर्यादा आहे. रक्तांत मोकळें फिरणारें विष तो निकामी करतो. जें विष एकदां पेशींना जडलें, त्यावर त्याचा कांहींएक इलाज चालत नाहीं. म्हणून पहिल्या दिवशीं टोंचलेली मात्रा आणि पांचव्या दिवशीं टोंचलेली मात्रा यांत जमीनअस्मानाचें अंतर पडतें. नोमच्या लोकांची सारी घाई या एका गोष्टीसाठीं होती.

डॉक्टरांजवळचा सांठा मुदत टळलेला होता आणि नव्या मालाची मागणी शेवटच्या गलबतानें पुरी झाली नव्हती. २२ जानेवारीस त्यांनीं तार केली कीं, सांथ जवळजवळ अटळ आहे, दहा लक्ष एकक औषध तांतडीनें हवें. अँकरेज येथील रेल्वेच्या रुग्णालयांत तीन लक्ष एकक सांपडलें. मागणीच्या मानानें तें थोडें, पण दुसरें येईपर्यंत सांथ थोपवून धरण्यापुरतें होतें. कुप्या गोधड्यांत गुंडाळून धातूच्या नळकांड्यांत घातल्या आणि आगगाडीनें नेनाना गांवीं पोहोंचविल्या. तेथून पुढें ६७४ मैल नुसतें बर्फ.

विमानें होतीं, पण तीं उघड्या बैठकीचीं, आणि हिंवाळ्यासाठीं खोलून ठेवलेलीं. विमान कोसळलें तर माणूसहि जाणार आणि औषधहि. गव्हर्नर बोन यांनीं कुत्र्यांचा मार्ग पत्करला. याच वाटेनें टपालाला एरव्हीं तीन आठवड्यांहून अधिक काळ लागे. म्हणून वाटेंतील धर्मशाळावजा घरांतून ताज्या कुत्र्यांच्या घसरगाड्या उभ्या केल्या आणि बहुतेकांच्या वांट्यास सुमारें तीसच मैल ठेवले. गाडीवान आरामांत बसून जातो असा कोणाचा समज असल्यास तो चुकीचा होय. चढावर, आणि अंग गोठूं नये म्हणून सपाटीवरहि, त्याला गाडीबरोबर धांवावें लागतें.

२७ जानेवारीच्या रात्रीं शॅनन हा पहिला गाडीवान निघाला. पारा फॅरनहाइटच्या शून्याखालीं ५० अंशांपर्यंत उतरला होता. त्याचा चेहरा थंडीनें काळवंडला आणि त्याचे कांहीं कुत्रे पुढें दगावले. मुक्कामावर औषध ऊब देऊन पुन्हां बांधीत. मधल्या टप्प्यांवरील गाडीवानांत अलास्काचे मूळ रहिवासी बरेच होते. चार्ली एव्हन्स यानें तर पुढचे दोन कुत्रे कोसळल्यावर स्वतःच्या खांद्याला दोर लावून गाडी ओढली. वर्तमानपत्रांनीं अशा नांवांकडे फारसें लक्ष दिलें नाहीं, ही अन्यायाची गोष्ट होय.

सर्वांत लांबचा आणि धोक्याचा भाग लिओनार्ड सेपाला याचा. तो नोमहून उलट दिशेनें निघाला, वाटेंत त्याला औषध मिळालें, आणि बारा वर्षांच्या टोगो या अग्रणी कुत्र्याच्या भरंवशावर त्यानें गोठलेल्या नॉर्टन आखातावरून वादळांत ९१ मैल मजल मारली. शेवटचा गाडीवान कासेन. वाऱ्यानें त्याची गाडी उलथली, नळकांडें बर्फांत पडलें, आणि त्यानें तें उघड्या हातांनीं चांचपून काढलें. २ फेब्रुवारीस पहाटे साडेपांच वाजतां बाल्टो या कुत्र्यामागून तो नोममध्यें शिरला. वीस गाडीवान, सुमारें दीडशें कुत्रे, वेळ साडेपांच दिवसांहूनहि कमी. औषध गोठलें होतें, तरी एकहि कुपी फुटली नव्हती. पंधरवड्याच्या आंत दुसरा सांठाहि आला आणि सांथ आटोक्यांत आली. नोंदलेले मृत्यु पांच ते सात. गांवाबाहेरच्या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांतून किती मुलें गेलीं, त्याची गणती कोणी ठेवली नाहीं.

बाल्टोचा पुतळा त्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कांत उभा राहिला. टोगोचा मात्र त्या शहरांत २००१ सालीं. पण पुतळा उभारलेल्या बाल्टोचेहि दिवस फिरले. कांहीं सोबत्यांसह तो लॉस एंजेलिस येथील एका खेळवाल्याच्या कोंदट खोलींत जाऊन पडला. तें पाहून क्लीव्हलंडच्या एका व्यापाऱ्यानें १९२७ मध्यें वर्गणी सुरू केली. तेथील शाळांतील मुलांनीं पैसा पैसा गोळा केला, आणि अवघ्या कांहीं दिवसांत दोन हजार डॉलर जमले. कुत्रे क्लीव्हलंडला आणून प्राणिसंग्रहालयांत ठेवले गेले. बाल्टो तेथेंच १९३३ सालीं वारला.