वेदगंगेच्या गाळातलं सिझियम

निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी संथ झालं की आम्ही दोरीला बांधलेला पोलादी जबडा तळाशी सोडतो. तो मिटून वर आला की घाई करायची नाही. वरचं पाणी हळूच निथळू द्यायचं, कारण सगळ्यात वरचा मऊ, बारीक गाळच महत्त्वाचा. सिझियम चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून राहतं, वाळूत ते फारसं टिकत नाही.

पानं, शिंपले, खडे वेचून गाळ ११० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचा, कुटायचा, चाळायचा. मग तो एकाच मापाच्या डब्यांत भरायचा. बाजारातून आणलेले हे जाड प्लॅस्टिकचे, फिरकीच्या झाकणाचे डबे. झाकणाची कड चिकटपट्टीने बंद केली की चार आठवडे थांबायचं. हे थांबणं टाळून चालत नाही. गाळातल्या, युरेनियम-मालिकेतल्या रेडियमपासून रेडॉन वायू बनतो आणि कुटताना तो निसटतो. त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवस. तो आणि त्याची पुढची पिढी डब्यात पुन्हा पुरेशी साठण्याआधीच मोजलं, किंवा झाकण जरा जरी सैल राहिलं, तर युरेनियम-मालिकेचा आकडा खोटा, कमी येतो.

नंतर डबा शिशाच्या जाड भिंतींआड, द्रवरूप नायट्रोजनने थंड केलेल्या जर्मेनियमच्या शोधकावर ठेवायचा. पडद्यावर हळूहळू गॅमा किरणांच्या ऊर्जेची शिखरं उभी राहतात. १४६१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला पोटॅशियम-४०, ६०९ ला युरेनियम-मालिकेतलं बिस्मथ, २६१५ च्या आसपास थोरियम-मालिकेतलं थॅलियम. हे सगळं खडकातून आलेलं. बेकरेल या किरणोत्साराच्या एककात जगभरच्या मातीत किलोमागे सरासरी ४०० बेकरेल पोटॅशियम, ३५ युरेनियम, ३० थोरियम धरतात. वेदगंगेचं खोरं दख्खनच्या बेसॉल्टचं, आणि बेसॉल्टमध्ये युरेनियम-थोरियम मुळातच कमी.

माझी नजर असते ती ६६२ वर. ते सिझियम-१३७, माणसाने अणू फोडल्याची खूण. वेदगंगेवर अणुभट्टी नाही, तरी ते इथे असू शकतं. १९५०-६० च्या दशकांत हवेत केलेल्या अणुबॉम्ब चाचण्यांची धूळ पावसाबरोबर जगभर पडली. अर्धायुष्य ३० वर्षांचं, म्हणून १९६३ साली पडलेल्यातलं जेमतेम पाव उरलं आहे.

तिकडे काळी नदीवर मात्र कैगा अणुवीज केंद्र आहे. २२० मेगावॉटच्या चार भट्ट्या, पहिल्या दोन २००० सालापासून वीज देणाऱ्या, थंडाव्याचं पाणी कद्रा जलाशयाचं. तिथल्या गाळात सिझियम दिसलं म्हणून लगेच भट्टीकडे बोट दाखवता येत नाही, आणि भट्टीला निर्दोषही ठरवता येत नाही. वरच्या अंगाचा गाळ आणि भट्टी सुरू होण्याआधीच्या नोंदी शेजारी ठेवल्याशिवाय माझ्या मते त्या आकड्याला काही अर्थ नाही.

म्हणून नदीत किरणोत्सार सापडल्याची बातमी कानावर आली तर घाबरण्याआधी तीन गोष्टी जरूर विचारा: कोणतं मूलद्रव्य, कोरड्या गाळाच्या किलोमागे किती बेकरेल, आणि तिथे आधी किती होतं?