इटलीची तांबडी वाइन : नाव आणि गुण

पेटीवर रत्नागिरीचे नाव असले म्हणून आतला आंबा तिथलाच असतो असे नाही. तिथला असला तरी तो गोडच निघेल याची हमी कोणी द्यावी? इटलीच्या तांबड्या वाइनची पारख करू जाता आम्हांस याच अनुभवाची आठवण होते.

तेथे प्रांत बदलला की द्राक्ष बदलते, आणि द्राक्षाबरोबर चवही. वायव्येकडील पीडमाँटमध्ये ‘नेब्बिओलो’ द्राक्षापासून ‘बारोलो’ तयार होते. रंग फिका, म्हणून ती सौम्य असेल असे वाटते. पण घोट घेताच तुरटपणाने तोंड आवळते. तो निवळावयास काळ लागतो. म्हणूनच किमान ३८ महिने, त्यांपैकी १८ लाकडी पिंपात, मुरल्यावाचून ती विकता येत नाही. टस्कनीच्या ‘कियांती’चा प्राण म्हणजे ‘सांजोव्हेझे’ हे द्राक्ष. तिचा आंबटपणा जेवणाबरोबर खुलतो. आब्रुत्सो प्रांतातील ‘मोंतेपुल्चानो’ गडद, मऊ आणि बहुधा स्वस्त.

नाव मोठे झाले की त्याची नक्कल होते. टस्कनीचा अधिपती तिसरा कोसिमो याने १७१६ मध्येच कियांतीची हद्द आखून दिली होती. पुढे १९६३ मध्ये देशभर उगमाची ग्वाही देणारा कायदा झाला. परंतु उगम म्हणजे गुण नव्हे. टस्कनीच्या किनाऱ्यावरील ‘सास्सिकाया’ फ्रेंच जातीच्या द्राक्षांची. ती नियमांत बसेना, म्हणून कनिष्ठ अशा ‘टेबल वाइन’ श्रेणीत विकली जाई. जाणकार मात्र तिला भारी किंमत मोजत. १९९४ मध्ये तिला स्वतंत्र मान्यता मिळाली.

याउलट १९८६ ची दुर्घटना. मद्यार्काचे प्रमाण वाढविण्यासाठी स्वस्त वाइनमध्ये विषारी मिथेनॉल मिसळले गेले आणि वीसहून अधिक माणसे दगावली. कायद्याची आणि तपासणीची खरी गरज येथे कळते.

तेव्हा शिक्का पाहावा तो फसवणूक टाळण्यासाठी. मोल ठरवावे ते चवीवरून. तुरटपणा, आंबटपणा आणि फळाचा स्वाद यांचा मेळ बसला आहे काय, घोटानंतर चव रेंगाळते काय, हे आधी पाहावे. किंमत मागाहून विचारावी. बारोलोचे दाम परवडत नसेल, तर त्याच परिसरातील, त्याच द्राक्षाची ‘लांगे नेब्बिओलो’ बरीच कमी दरात मिळते. आमच्या मते, पारख शिकण्याचा आरंभ तेथूनच करावा.