चौकाला भाव किती?

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या पेठमध्ये स्लॅबच्या साध्या घराची किंमत काढणं सोपं. शेजारचं तसंच घर कितीला गेलं, ते पाहायचं.

जुन्नर-आंबेगावातल्या जुन्या वाड्यापाशी मात्र गणित अडतं. मधे उघडा चौक, पुढे ओसरी, आत अंधारं माजघर आणि एका खोलीतूनच दुसरीत जायची वाट. तोलामोलाचा दुसरा वाडा विकलेला सहसा सापडत नाही. मग मूल्यांकनकार जमीन वेगळी धरतो, आज तेवढंच बांधायला येणारा खर्च काढतो आणि वयाची घट वजा करतो. गैरसोयीच्या मांडणीपोटी आणखी कपात होते. चौकाचा गारवा मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही, हा अन्यायच!

ग्रामपंचायतीची घरपट्टी २०१५च्या दुरुस्तीनंतर भांडवली मूल्यावर ठरते. त्यात क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वय, वापर येतात. खोल्यांची रचना नाही. म्हणून वाडा विकण्याआधी घरपट्टीच्या नोंदीतलं, म्हणजे नमुना ८ वरचं, क्षेत्रफळ टेपनं ताडून घ्या.